चामखीळ : नवस नको, लस समजून घ्या



हातापायांवर उठणारी खरखरीत चामखीळ म्हणजेच मोस. काजूपाडा असो की देवीपाडा, ती घरातल्या एका मुलाला झाली की दुसऱ्यालाही होते. ना पाप, ना कोणाची नजर; एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे ती होते. एकच टॉवेल, एकच ब्लेड, सार्वजनिक मोरीत अनवाणी पाय, नखे कुरतडणे यांतून तो पसरतो.

लस इथे काय करते?
हा विषाणू कातडीच्या वरच्या थरात दडून बसतो, म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांना तो दिसत नाही. गोवर, गालगुंड, रुबेला यांची एमएमआर लस (पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही ती बनवते) थोडीशी थेट चामखिळीत टोचतात. लसीला पाहून पहारेकरी धावून येतात आणि दडलेला विषाणूही त्यांच्या हाती लागतो. म्हणून एका मोठ्या चामखिळीत टोचले तरी दुसऱ्या हातावरच्याही जाऊ शकतात. साधारण दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने तीन ते पाच वेळा टोचतात. लस मुळात या कामासाठी नाही. म्हणून निर्णय त्वचारोगतज्ज्ञांचाच.

मग नवसाने कशी गेली?
२०१० साली इजिप्तमधील डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लस टोचलेल्यांपैकी शंभरात सुमारे ८१ जण पूर्ण बरे झाले. दुसऱ्या गटाला नुसते सलाइनचे पाणी टोचले. त्यातही शंभरात सुमारे २७ बरे झाले! ते श्रेय पाण्याचे नव्हे. चामखीळ अनेकदा आपोआप जाते. लहान मुलांची तर बहुधा दोन वर्षांत. त्याच काळात नवस केलेला असला की नाव नवसाचे होते. दोन गट शेजारी ठेवून पाहिले तरच लसीचा खरा गुण कळतो. तथागतांचे ‘एहिपस्सिको’, म्हणजे या आणि स्वतः पाहा, ते हेच.

कोणी घेऊ नये?
गरोदर स्त्रिया, स्टेरॉइड वा कॅन्सरची औषधे चालू असलेले, प्रतिकारशक्ती फार कमी झालेले आणि लसीची ॲलर्जी असलेले. एचआयव्ही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. ती गोष्ट गुप्त राहते. टोचताना दुखते, नंतर सूज किंवा थोडा ताप येऊ शकतो.

हे करू नका
ब्लेडने कापणे, घोड्याचा केस बांधणे, चुना-सोडा वा ॲसिड लावणे. मधुमेह्यांची जखम चिघळते. गाठ काळी पडली, भराभर वाढली, रक्त आले तर लगेच दाखवा. गुप्तांगावरच्या चामखिळीचा उपचार वेगळा असतो, लाजू नका.

कुठे जायचे?
कांदिवलीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर (शताब्दी) रुग्णालय जवळ आहे. त्वचेच्या ओपीडीचे वार तिथे विचारा. कूपर, नायर, केईएम या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. खासगीत गेलात तर एकूण किती इंजेक्शने आणि किती खर्च, हे पहिल्याच दिवशी विचारा. मोजक्या चामखिळींना सॅलिसिलिक ॲसिडचे स्वस्त औषधही डॉक्टर देतात. इंजेक्शनच द्या, असा हट्ट धरू नका.