‘याची शंका’ आणि ‘अशी शंका’

‘यू टोल्ड अस इट वॉज फाइन.’ फोनवरचा तो इंग्लिश माणूस हे इतक्या सभ्यपणे म्हणाला, की त्यापेक्षा शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं. ‘फाइन’ हा शब्द मी कुठेही लिहिलेला नाही. मेल अजून जपून ठेवलीय, कोणालाही काढून दाखवतो. मी लिहिलं होतं : ‘वी डाउट द सील फेस इज डॅमेज्ड. काइंडली डू द नीडफुल.’

झालं होतं असं, की या गिऱ्हाइकाने साईटवरून पंपाचा व्हिडिओ पाठवला. शाफ्टपाशी, मेकॅनिकल सीलच्या खालून पाणी ठिबकतंय. थेंब लोंबायचा, थोडा थरथरायचा, पडायचा. लगेच पुढचा तयार. एकोणीस वर्षं शिरोलीच्या एमआयडीसीत पंपच बघतोय. कार्बन रिंगची कड उडालेली असणार, हे मला व्हिडिओ संपायच्या आतच कळलं होतं. शंका आली, ती कळवली. त्यांनी वाचलं बरोबर उलटं : सील खराब असेल असं आम्हाला वाटत नाही. आणि पंप रात्रभर चालवला! सकाळी पाणी बेअरिंगपर्यंत गेलेलं, पंप जाम.

त्या कॉलवर त्याने माझं वाक्य सुटं सुटं करून वाचलं. ‘वी… डाउट…’ तिसऱ्या शब्दाला माझ्या पोटात खड्डा पडला. साहेबांनी फोन म्यूट केला. ‘काय हो, हे तुम्ही लिहिलंय?’ हो, मीच. पण पाठवण्याआधी तुम्हाला दाखवलं होतं, आणि ‘ओके, सेंड’ असं तुमचंच उत्तर आहे. हे मी तेव्हा बोललो नाही, म्हणून आता लिहितोय. डेबिट नोट आली तेव्हा मीटिंगमध्ये माझं इंग्रजी निघालं, त्यांचं ओके नाही निघालं.

घरी येऊन कोश काढून बसलो. गोम आपल्या मराठीतच आहे. ‘सील चांगलं आहे याची मला शंका आहे’ म्हणजे ते चांगलं नसावं. ‘सील फुटलंय अशी मला शंका आहे’ म्हणजे ते फुटलेलं असावं. आपण ‘याची’ आणि ‘अशी’ एवढ्यावर भागवतो, शंका तीच. इंग्रजीत तिथे क्रियापदच बदलतं. ‘याची शंका’ म्हणजे डाउट, ‘अशी शंका’ म्हणजे सस्पेक्ट. मेल पाठवण्याआधी वाक्य मनात मराठीत म्हणायचं आणि ‘याची’ येतं की ‘अशी’, ते बघायचं. एवढी युक्ती शिकायला मला एक अख्खा पंप लागला.

माणसाबद्दल लिहितानाही तेच. स्टोअरमधून माल गायब होतोय आणि तुमचा एकावर संशय आहे, तर ‘आय सस्पेक्ट हिम’. ‘आय डाउट हिम’ म्हणजे त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही, एवढंच. वर्गातलं ‘सर, आय हॅव अ डाउट’ इथे खपून जातं. बाहेरच्या माणसाला ‘क्वेश्चन’ म्हणावं.

आणि गंमत बघा, मी अगदीच अडाणी नव्हतो. जुन्या इंग्रजीत डाउटचा ‘असं असावं अशी भीती वाटते’ हाही अर्थ होता. शेक्सपिअरने ‘हॅम्लेट’मध्ये तो तसा वापरलाय. स्कॉटलंडमध्ये ‘आय डाउट इट विल रेन’ म्हटलं तर अजूनही पाऊस येणार असाच अर्थ होतो. फ्रेंचांचं ‘दुते’ नुसतं आलं तर खात्री नाही, आधी ‘स’ लागला की अंदाज आहे. म्हणजे त्यांचंही आपल्यासारखंच, एका अक्षरावर. गिऱ्हाईक स्कॉटलंडचं असतं तर माझं इन्क्रिमेंट वाचलं असतं. हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘शेक्सपिअरला पाठवू का डेबिट नोट?’

तर, दुरुस्ती-बिघाडाच्या मेलमध्ये डाउट लिहूच नका. सस्पेक्टही जपून. सरळ ‘द सील इज प्रॉबेब्ली डॅमेज्ड’ लिहा, आणि पुढच्या ओळीत काय करायचं ते : ‘डू नॉट रन द पंप.’ ‘डू द नीडफुल’ तर कायमचं सोडा. नीडफुल म्हणजे काय हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. बाकी कोश जवळ ठेवा, घाईत लिहू नका वगैरे आहेच. तरी, रात्रभर पाणी गळताना दिसत असूनही ज्याने पंप बंद केला नाही, त्याला कोणता कोश लागला असता?

परवा साहेबांनी एका मेलचा मसुदा माझ्याकडे नजर टाकायला पाठवला. ‘वी डाउट देअर इज अ ब्लोहोल इन द कास्टिंग.’ फाउंड्रीचा माल परत पाठवायचा होता. मी डाउट खोडून सस्पेक्ट केलं. पण त्याआधी चहा मागवला, तो सावकाश प्यालो, आणि तोवर त्या वाक्याला हात लावला नाही.