थंड करवत कशी सुरू करावी?

१७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आले. नवी मुंबईत झाडे पडली. झाडाने वाट अडली, की पेट्रोलवर चालणारी करवत लागते. पण थंड यंत्र लवकर सुरू होत नाही. का बरे?

थंड यंत्रात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. चोक लावला, की हवा कमी जाते, पेट्रोल जास्त जाते.

म्हणून आपण असे करू. साखळीचा ब्रेक लावू. करवत जमिनीवर दाबून धरू. बटण चालू करू. चोक लावून दोरी ओढू. 'फट्' आवाज आला, की चोक काढू. पुन्हा ओढू.

चोक लावून ओढतच बसलो, तर प्लग भिजतो. मग बटण बंद करून प्लग काढू, पुसून कोरडा करू. जवळ विडी नको!

फार जुने पेट्रोल भरू नये.