जुना हॅम रेडिओ कसा स्वच्छ करावा?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आपल्या मराठवाड्यातली गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. अशा वेळी परवाना असलेल्या हौशी रेडिओचालकांनी, म्हणजे 'हॅम' मंडळींनी, आपल्या संचांवरून निरोप पोहोचवले. पण ऐनवेळी संचच खरखरला तर काय उपयोग?

जुना संच बिघडला म्हणजे पार्ट जळालाच असं नसतं. बऱ्याचदा धूळ बसते आणि दमट हवेने स्विचच्या पट्ट्यांवर काळा थर चढतो. मग वीज नीट जात नाही.

साफ करताना लक्षात ठेवा :

1. आधी प्लग काढा. तरीही व्हॉल्व्हच्या संचातल्या कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात. म्हणून तो जाणकार माणसानेच उघडावा, मुलांनी नाही.
2. गँग कंडेन्सरच्या पात्या मऊ ब्रशने झाडा. पाती वाकली तर स्टेशन काट्यावर आपली जागा सोडतं.
3. स्विचच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सँडपेपर नको. चांदीचा मुलामा असेल तर तो खरवडून निघतो.
4. सगळं पूर्ण वाळल्यावरच संच लावा.

थोडक्यात, मळ काढायचा, पार्ट झिजवायचा नाही.

करून पहा : घरातल्या मिणमिणत्या टॉर्चचे सेल काढा, आतल्या पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने घासा, सेल परत घाला. उजेडात फरक पडला का? वहीत लिहा.