लघुमसूरिका : शनिवार-रविवारच्या मुक्कामातील एक रुग्णवृत्त

कांजिण्यांची लक्षणे आणि चिकित्सा हा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांस नवा नाही. प्रस्तुत लेखात कल्पांची यादी देण्याचा आमचा हेतूही नाही. घर पाहुण्यांनी भरलेले असताना लहान मूल संसर्गजन्य विकाराने आजारी पडते, तेव्हा त्याला काय द्यावे याहून अवघड प्रश्न पुढे येतात. कोणी कोणत्या खोलीत निजावे, कोणाला तातडीने कळवावे, कोणाचा परतीचा प्रवास थांबवावा? या प्रश्नांची उत्तरे देताना आमच्याच घरात आमच्याकडून दोन चुका झाल्या. त्या व्यवसायबंधूंच्या उपयोगी पडाव्यात म्हणून हे टिपण.

गेल्या फाल्गुनात एका शनिवारी आमची धाकटी बहीण, मेहुणे आणि त्यांचा 22 महिन्यांचा मुलगा पुण्याहून अजिंठ्यास मुक्कामाला आले. घरात आमची वृद्ध आई, धाकटे बंधू, त्यांचा 5 वर्षांचा मुलगा आणि सातव्या महिन्यात असलेली त्यांची पत्नी. सायंकाळी बाळ किरकिर करू लागले. अंग कोमट, ताप 100 अंश, पाठीवर दोन तांबडे ठिपके. चहा घेता घेता आम्ही सांगून टाकले, ‘प्रवासाची उष्णता आहे, डासही चावले असतील.’ हेच मूल कोणी दवाखान्यात आणले असते तर आम्ही त्याचे अंगडे काढून डोक्यापासून तळव्यापर्यंत पाहिले असते. घरच्या मुलाला मात्र वैद्य नजरेनेच तपासतो. भावजयीने त्याला मांडीवर घेऊन वरणभात भरवला आणि रात्री दोन्ही मुले एकाच गादीवर निजली.

रविवारी सकाळी बाळ खेळत होते, म्हणून ठरल्याप्रमाणे आम्ही लेणी पाहण्यास निघालो. आई आणि भावजय घरी राहिल्या. घाट उतरून फाट्यावर गाडी ठेवावी लागते आणि तेथून लेण्यांपर्यंतचे चारेक किलोमीटर अंतर बसने जावे लागते, हे वाचकांना माहीत आहेच. बस भरलेली होती.

दोन क्रमांकाच्या लेण्यात मुख्य गाभाऱ्याशेजारी हारीती आणि पांचिक यांचे उपगर्भगृह आहे. हारीती ही राजगृहातील बालके पळवून खाणारी यक्षिणी. बुद्धांनी तिचेच धाकटे मूल भिक्षापात्राखाली लपविले, तेव्हा तिला इतर मातांचे दुःख कळले आणि ती बालकांची रक्षणकर्ती झाली, अशी कथा आहे. मूर्तीखालच्या पट्टीत छडी घेतलेला गुरू आणि दंगा करणारी मुले कोरलेली आहेत. सातव्या शतकातील चिनी यात्रेकरू इत्सिंग याने भारतातील विहारांत भोजनगृहाच्या कोपऱ्यात किंवा ओसरीवर हारीतीची प्रतिमा असल्याचे नोंदविले आहे. काश्यपसंहितेच्या रेवतीकल्पात जातहारिणीचे जे वर्णन येते, त्याच्या शेजारी हे शिल्प ठेवून पाहावे असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. बालकाला अकस्मात हिरावून नेणाऱ्या व्याधीचे भय दोन्हीकडे एकच आहे.

हे आम्ही मेहुण्यांना समजावून सांगत असतानाच बहीण म्हणाली, ‘दादा, हा सारखा पाठ खाजवतोय, बघ ना जरा.’ बाहेर उजेडात आणून अंगडे वर केले. तांबूस वर्तुळावर दवबिंदूसारखे स्वच्छ पाण्याचे फोड, त्यांच्या आजूबाजूला नुकते उठलेले ठिपके, केसांत दोन फुटलेले फोड, टाळूवर एक. निदानाला आणखी काही लागत नव्हते.

माधवनिदानात मसूरिकेचे धातुगत भेद सांगताना त्वग्गत मसूरिका पाण्याच्या बुडबुड्यासारखी, अल्पदोषाची आणि फुटल्यावर पाणी स्रवणारी सांगितली आहे. कांजिण्यांशी इतके जुळणारे वर्णन क्वचितच सापडेल. त्याच प्रकरणातील रोमान्तिका ही ज्वर आधी, सोबत कास व अरुची आणि मग रोमकूपांच्या ठिकाणी बारीक पुरळ अशी येते. तो गोवर होय. गोवरात तीन-चार दिवस तीव्र ताप, लाल डोळे, नाक गळणे व खोकला झाल्यावर कानामागून पुरळ सुरू होऊन खाली उतरतो. गालाच्या आतल्या बाजूस मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात. कांजिण्यांत धडावर गर्दी अधिक आणि ठिपका, फोड, खपली या तिन्ही अवस्था एकाच वेळी आढळतात. अलीकडे पावसाळ्यात अंगणवाडीच्या वयात दिसणारा हात-पाय-तोंडाचा विकार तळहात, तळपाय, कुल्ले व तोंड येथे येतो. मूल लाळ गाळते, खाणे झिडकारते. काश्यपाने वेदनाध्यायात न बोलता येणाऱ्या बालकाच्या मुखरोगाची खूण म्हणून लालास्राव व स्तनद्वेष नोंदविले आहेत, त्याची येथे आठवण होते.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात आणि मालेगाव, भिवंडी येथे गोवराचा उद्रेक होऊन बालके दगावली. ताप आणि पुरळ असलेल्या मुलात गोवराची शंका आली तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळविणे आणि ‘अ’ जीवनसत्त्वाची मात्रा मिळवून देणे हे आपले कर्तव्य आहे. ‘गोवर आहे, आपोआप जाईल’ असे सांगणारे वैद्य आम्ही पाहिले आहेत.

लेण्यांतून निघाल्यावर पहिली अडचण बसची. दोन भरलेल्या बसगाड्या सोडल्या, तिसरीत मागच्या खिडकीजवळ बाळाला घेऊन बसलो. कांजिण्यांचा संसर्ग पुरळ येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत चालतो आणि तो श्वासावाटेही होतो. सुश्रुताने कुष्ठनिदानाच्या शेवटी अंगस्पर्श, निःश्वास, एकत्र भोजन, एक शय्या, एक आसन, वस्त्रे यांतून माणसाकडून माणसाकडे जाणारे औपसर्गिक रोग सांगितले आहेत. आदल्या रात्रीचे आमचे घर त्या यादीत जसेच्या तसे बसत होते.

घरी आल्यावर पहिला प्रश्न भावजयीचा. तिला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का? तिला आठवेना. तिच्या आईला दूरध्वनी केला, तर ‘बहुतेक धाकटीला झाल्या होत्या’ असे उत्तर आले. ‘बहुतेक’ या शब्दावर सातव्या महिन्यात विसंबता येत नाही. गर्भिणीस कांजिण्या झाल्यास फुप्फुसदाह गंभीर होऊ शकतो आणि प्रसूतीच्या आधी 5 दिवसांपासून नंतर 2 दिवसांपर्यंत मातेस पुरळ आल्यास नवजात बालकाच्या जिवाला धोका असतो. येथे आपल्या कोणत्याही कल्पावर भार टाकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. छत्रपती संभाजीनगर येथील तिच्या प्रसूतितज्ज्ञांना त्याच दुपारी कळविले. त्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी सांगितली. प्रतिपिंडे नसतील तर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन लवकरात लवकर, फार तर 10 दिवसांच्या आत द्यावे लागते आणि ते सहजी मिळत नाही, म्हणून त्याची चौकशीही सुरू केली. अहवाल मंगळवारी सायंकाळी आला. प्रतिपिंडे होती. ते दोन दिवस बंधू आमच्याशी मोजकेच बोलत होते, आणि शनिवारच्या त्या चहाची आठवण आम्हांस कोणी करून देण्याची गरज नव्हती.

बाळासाठी बाहेरच्या बाजूस खिडकी व दार असलेली खोली निवडली. जवळ फक्त बहीण आणि आम्ही, कारण दोघांनाही हा आजार होऊन गेल्याची खात्री होती. आईने दाराला कडुलिंबाचा टहाळा बांधला. आम्ही तो काढला नाही. येणाऱ्याला उंबऱ्याबाहेर थांबविण्याचे काम त्याने चोख केले. मात्र ‘बाई आली आहे, औषध नको, अंघोळ नको’ हे आईचे म्हणणे मानले नाही. रोज कडुलिंबाच्या पानांच्या कोमट काढ्याने अंग टिपून घेतले, नखे कापली, सुती सैल कपडे घातले. पिण्यास अर्धे आटवलेले षडंगोदक, आहारात साळीच्या लाह्यांचा मंड, तांदळाची पेज, मुगाचे वरण. गुडूची सत्त्व 60 मिलिग्रॅम व प्रवाळ पिष्टी 30 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा खडीसाखरेच्या पाण्यातून दिली. याने दाह व खाज कमी वाटली, बाळ निजले. व्याधीचा कालावधी कमी झाला असा दावा आम्ही करीत नाही. या वयात पाऱ्याचे रसकल्प आम्ही वापरत नाही.

बहिणीस सोमवारी कामावर रुजू व्हायचे होते. एसटीने सात-आठ तासांचा प्रवास, शेजारी कोण बसेल ठाऊक नाही. आम्ही तिला जाऊ दिले नाही आणि ती रागावली. सहाव्या दिवशी शेवटच्या फोडावर खपली आली, तेव्हा ती गेली. या काळात बाळाचे पिणे, लघवी व चालणे यांवर आमचे लक्ष होते. सुस्ती, धाप, तोल जाणे, सहा-आठ तास लघवी न होणे, फोडाभोवती पसरणारी लाली किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांपैकी काहीही दिसले असते तर रुग्णालय गाठायचे ठरले होते.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंसाठी येथे थोडे सविस्तर लिहितो, कारण अशा रविवारी दवाखाने बंद असतात आणि पालक आधी त्यांच्याकडेच येतात. कांजिण्यांच्या मुलाला ॲस्पिरिन कदापि देऊ नये, यकृत व मेंदूस घातक विकार संभवतो. आयबुप्रोफेनही टाळावे. तापास पॅरासिटामॉल पुरते; परंतु त्याचे पातळ औषध 5 मिलिलिटरमध्ये 125 आणि 250 मिलिग्रॅम अशा दोन शक्तींत येते आणि पालक ‘एक चमचा’ एवढेच लक्षात ठेवतात. 11 किलोच्या बाळाला एका वेळी 150 मिलिग्रॅमच्या आसपास, तेही चार-सहा तासांच्या अंतराने; बाटलीवरील आकडा वाचून दाखवावा. खाजेसाठी मागितले जाणारे स्टिरॉइडयुक्त मलम देऊ नये. कापूरमिश्रित तेल या वयाच्या मुलाच्या अंगास वा नाकाजवळ लावू देऊ नये, त्याने झटके येऊ शकतात. एक वर्षाच्या आतील बालकास मधाचे अनुपान सांगू नये.

दुसरी चूक पुतण्याची. कांजिण्यांची लस सरकारी लसीकरणात नाही, खासगीत मिळते. संपर्कानंतर 3 ते 5 दिवसांत ती दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. भावजयीच्या चिंतेत आम्हांस हे आठवले ते पुढच्या शुक्रवारी, म्हणजे सातव्या दिवशी. शाळेत वर्गशिक्षिकेस कळविले आणि संपर्कापासून दहाव्या दिवसापासून त्याला घरी ठेवले. 16 व्या दिवशी त्याच्या पोटावर पहिला फोड दिसला. तोपर्यंत भावजय माहेरी जळगावला गेली होती. खोली, टहाळा आणि षडंगोदकाचे पातेले पुन्हा बाहेर निघाले.