खळ उतरवणारं एन्झाइम आणि बारावीनंतरची वाट

भिवंडीत ज्यांच्या घरी माग चालतात, त्यांना सायझिंग समजावून सांगायला नको. ताण्याचं सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात. सुती कापडासाठी ती बहुधा स्टार्चची असते. पण तेच कोरं कापड रंगवायचं तर आधी खळ काढावी लागते, नाहीतर रंग सारखा बसत नाही. आम्लाने काढावी तर धागाच कमजोर होण्याची भीती. म्हणून प्रोसेस हाऊसमध्ये अमायलेज हे एन्झाइम वापरतात. स्टार्च आणि कापसातलं सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या. फक्त कड्या जोडण्याची पद्धत वेगळी. अमायलेज तेवढा फरक ओळखतं, स्टार्च तोडतं आणि धाग्याला हात लावत नाही. मला यापेक्षा सुंदर रसायनशास्त्र माहीत नाही.

हे अमायलेज बॅसिलस गटातले जिवाणू बनवतात. त्यांना मोठ्या टाक्यांत, म्हणजे फर्मेंटरमध्ये वाढवतात. कोणता जिवाणू जास्त उत्पादन देतो, एन्झाइम गरम पाण्यात किती टिकतं, त्याच्या जनुकात नेमका कुठे बदल केला तर आणखी टिकेल, हे शोधणं जीवरसायनशास्त्रज्ञाचं काम. प्रयोगशाळेत एन्झाइममध्ये टप्प्याटप्प्याने असे बदल घडवण्याच्या पद्धतीसाठी फ्रान्सिस अर्नॉल्ड यांना २०१८ मध्ये नोबेल मिळालं. आपल्या शेजारी ठाण्यात अ‍ॅडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीज आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगोपयोगी सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, आणि माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत, याच क्षेत्रातलं संशोधन चालतं.

‘नीटमध्ये नंबर लागला नाही तर बायोकेमिस्ट्री करू दे,’ असं पालक म्हणतात. कृपा करून असं करू नका. नाइलाजाने आलेलं मूल इथे दमतं. या विषयात जीवशास्त्राइतकंच रसायनशास्त्र लागतं, आणि अभिक्रियेचा वेग मोजायचा म्हणजे गणितही टाळता येत नाही. बारावीला जीवशास्त्राबरोबर गणित ठेवता आलं तर जरूर ठेवा.

बीएस्सीला जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र, यांपैकी काहीही चालेल. पुढे एमएस्सीसाठी जॅम, सीयूईटी-पीजी किंवा गॅट-बी यांपैकी एक प्रवेश परीक्षा. बारावीनंतर थेट पुण्याच्या आयसरमध्ये जायचं असेल तर तिथला बीएस-एमएस अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे आणि प्रवेश परीक्षा वेगळी. पीएचडीला साधारण पाच वर्षं धरा. सीएसआयआर-नेटची जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,००० आणि वर घरभाडं भत्ता. तरीही सत्ताविशी-अठ्ठाविशीपर्यंत पक्की नोकरी नसते. बहिणीचं लग्न किंवा मागाचं कर्ज डोक्यावर असलेल्या घराला हे अवघड आहे, ते आधीच बोलून घ्यावं. एमएस्सीनंतर थांबलं तरी दार बंद होत नाही. कंपन्यांत गुणवत्ता तपासणी आणि फर्मेंटेशन विभागात माणसं लागतात. पण टाकी रात्री झोपत नाही, त्यामुळे शिफ्ट करावी लागते.

मुलीच्या बाबतीत घाबरणाऱ्या आई-वडिलांनी कमला सोहोनी यांचं आयुष्य जरूर वाचावं. दुर्गा भागवतांची ही धाकटी बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अटींवर प्रवेश मिळवला, स्वतःला सिद्ध केलं, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी घेतली. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचं त्यांनी तिथे दाखवलं. परत आल्यावर काही वर्षांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्या शिकवू लागल्या आणि गरिबांच्या आहारासाठी नीरेवर काम केलं. पाठीशी उभं राहणारं घर नसतं तर हे फार कठीण गेलं असतं, असं मला वाटतं.

पीएचडीला मार्गदर्शक निवडताना संस्थेच्या नावावर भुलू नका. त्यांच्या सध्याच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना निवांत भेटा. प्रयोग फसल्यावर सर किंवा मॅडम काय करतात, फेलोशिप वेळेवर मिळते का, आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले आणि आता कुठे आहेत, हे विचारा. उत्तर देताना ते चाचरले, तर दुसरी प्रयोगशाळा बघा.