ताट सगळ्यांचं एकच

तेराचौदा वर्षांच्या पोराच्या सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' असं लिहून आलं की आईबापांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. 'आमच्या घरात कुणी दारूला शिवत नाही, मग याच्या लिव्हरला काय झालं?' प्रश्न रास्त आहे. पण हा आजार दारूविनाही होतो आणि वडूजसारख्या तालुक्याच्या गावातही होतो. एम्सच्या डॉक्टरांनी 2022 मध्ये देशभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात मुलांमधलं याचं प्रमाण 35 टक्क्यांच्या आसपास निघालं, लठ्ठ मुलांमध्ये तर 60 टक्क्यांच्या वर.

गरजेपेक्षा जास्त पोटात गेलेली साखर यकृतात चरबी होऊन साठते. पेयातली साखर तर चावावीही लागत नाही, ती झपाट्याने तिथे पोचते. सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही. काही मुलांच्या यकृताला मात्र पुढे सूज येते, ते निबर होऊ लागतं आणि मधुमेहही लवकर गाठतो.

एक खूण तुम्हाला घरीच दिसेल. पोराच्या मानेमागे, काखेत काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा उमटतो. आई म्हणते, नीट आंघोळ करत नाहीस, आणि डाळीचं पीठ लावून, वजरीने घासून मान लाल करते. पट्टा काही जात नाही, कारण तो मळ नसतोच. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की कातडी अशी होते. अशी मान दिसली, किंवा कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरला, तर डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातली एसजीपीटीची (यकृताची) तपासणी करायची का, ते विचारा.

आता थोडं आजीबद्दल. खटाव-माणच्या ज्या आजींनी 1972 चा दुष्काळ काढला, दगड फोडायच्या कामावर जाऊन सुकडीवर पोरं जगवली, त्यांना गुबगुबीत नातू म्हणजे खात्यापित्या घरची खूण वाटते. 'वाढत्या अंगाचं पोर आहे, खाऊ दे' म्हणत त्या दुधात आणखी एक चमचा साखर घालतात. त्यांना दोष देऊ नका. जवळ बसून सांगा, की आता पोराला उपासमारीचं नाही, साखरेचं भय आहे.

अमेरिकेतला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. फॅटी लिव्हर असलेली 11 ते 16 वर्षांची 40 मुलं घेतली. त्यातल्या निम्म्या मुलांच्या आहारातली वरची साखर आठ आठवडे जवळजवळ बंद केली. त्यांच्या यकृतातली चरबी सरासरी 25 टक्क्यांवरून 17 टक्क्यांवर आली. बाकीच्यांची जेमतेम हलली. हे 2019 साली प्रसिद्ध झालं. त्यात महत्त्वाची गोष्ट ही, की बिनसाखरेचं जेवण एकट्या मुलाला दिलं नव्हतं, घरातल्या सगळ्यांना दिलं होतं.

मला तुम्हाला हेच सांगायचंय. पोराचं ताट वेगळं वाढू नका. बाप कोल्ड्रिंक पितोय, धाकटी क्रीमची बिस्किटं खातेय आणि हा एकटा काकडी चघळतोय, हे चार दिवसही टिकत नाही. वर 'जाड्या' म्हणून हाक मारली, तर पोर चोरून खायला लागतं.

250 मिलीच्या एका कोलाच्या बाटलीत साधारण 26 ग्रॅम साखर असते. म्हणजे सुमारे सहा चमचे. दिवसभराची वरची साखर तेवढीही नसलेली बरी. गूळ आणि मधही याच हिशेबात धरा. गुळाचा चहा केला म्हणून यकृत फसत नाही. फळ चावून खाऊ द्या, त्याचा रस नको. चहासोबतची खारी, बटर आणि शाळेसमोरची कुरकुरीत पाकिटं घरात आणूच नका. आणली तर ती खाल्लीच जातात.

खायचं काय, हे आपल्या रानाने कधीच सांगून ठेवलंय. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, घेवडा, पालेभाजी, बिनसाखरेचं ताक, परवडेल तसं अंडं. भाकरीसुद्धा भुकेपुरतीच. उपास, फाके मात्र नकोत. वाढीचं वय आहे. उंची वाढतेय आणि वजन आहे तिथेच थांबलं, तरी पुष्कळ मुलांना तेवढ्याने फरक पडतो. नेमकं किती उतरवायचं ते डॉक्टर ठरवतील. जाहिरातीतली लिव्हरची टॉनिकं पोराला पाजू नका.

आणि रोज तासभर घाम निघू द्या. आपल्याच खटाव तालुक्यातल्या औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत, संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते सुरू केले होते. तो वारसा आपला आहे. पोराला एकट्याला मैदानावर पिटाळू नका, त्याच्यासोबत तुम्हीही घाम गाळा.

आज संध्याकाळच्या चहापासून सुरुवात करा. साखर कमी करायची ती सगळ्यांच्या कपातली, आणि पहिला कप तुमचा असू द्या.