सातवाहनकालीन महाराष्ट्र : राज्यकर्ते, लोकजीवन आणि भाषा

४.१ प्रस्तावना

विद्यार्थिमित्रांनो, मागील घटकात तुम्ही प्राकृत भाषांची स्थूल ओळख करून घेतली. प्रस्तुत घटकात त्या भाषा बोलणाऱ्या एका समाजाकडे आपण वळणार आहोत. मराठीच्या पदवी अभ्यासक्रमात राजघराण्याचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न संपर्कसत्रांत नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. सातवाहनांच्या प्रजेविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्याचा मोठा भाग शब्दांच्या वाटेने आलेला आहे, आणि त्यांतील काही शब्द आजही तुमच्या घरात रोज उच्चारले जातात, हे त्याचे उत्तर.

तुलनेसाठी त्याच काळातील चीनकडे पाहू. तेथे हान घराणे (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) राज्य करीत होते. त्या दरबारात सिमा छिएन याच्यासारखा इतिहासकार होता. इ.स. २ मध्ये झालेल्या शिरगणतीत साडेपाच कोटींहून अधिक माणसांची नोंद झाली. सातवाहनांनी असा इतिहासग्रंथ मागे ठेवला नाही, शिरगणतीही ठेवली नाही. पुराणांतील राजांच्या याद्या परस्परांशी जुळत नाहीत. उरतात ते लेण्यांतील कोरीव लेख, नाणी, उत्खननातील खापरे आणि गाथांचा एक संग्रह. या साधनांत राजाइतकाच विणकर आणि शेतकरी ठळकपणे दिसतो. दरबारी इतिहासाच्या अभावाचा हा एक लाभच म्हणावा लागेल.

४.२ राज्यकर्ते

सातवाहनांची सत्ता साधारणतः इ.स.पू. पहिल्या शतकापासून, काही अभ्यासकांच्या मते त्याही आधीपासून, इ.स. तिसऱ्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकली. प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, ही त्यांची राजधानी. जुन्नरजवळच्या नाणेघाटात या घराण्याचा आरंभीचा महत्त्वाचा लेख आहे. कल्याण-सोपाऱ्याकडचा माल या घाटाने वर चढे. घाटातील लेण्यात सातकर्णी राजाची राणी नागनिका हिचा दीर्घ लेख असून त्यात अश्वमेधादी यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नाण्यांची मोजदाद आहे. तेथे राजकुटुंबाच्या प्रतिमाही होत्या. प्रतिमा नष्ट झाल्या, वरची नावे राहिली. त्यांत सिमुक सातवाहन, देवी नायनिका, सातकर्णी आणि कुमारांबरोबर एका 'महारठि'चेही नाव आहे. या शब्दाकडे आपण पुढे वळू.

घराण्यातील सर्वांत प्रसिद्ध राजा गौतमीपुत्र सातकर्णी. क्षहरात वंशातील नहपान या क्षत्रपाचा त्याने पराभव केला. याचा पुरावा १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे सापडलेल्या नाणेनिधीत मिळतो. त्यातील १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी नहपानाची होती आणि त्यांपैकी सुमारे ९ हजार नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा ठोकला होता. जिंकलेल्याचे नाणे वितळवावे लागले नाही. त्यावर नवे नाव उमटवले आणि व्यवहार पुढे चालू राहिला.

गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी मातृनामे पाहून त्या काळी मातृसत्ता होती, असे उत्तरपत्रिकेत लिहिले जाते. तसे लिहू नका. राज्य पित्याकडून पुत्राकडेच जात होते. मात्र मातेच्या नावाला सार्वजनिक वजन होते. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेख या दृष्टीने वाचावा. नातू पुळुमावी याच्या १९ व्या राज्यवर्षी तिने लेणे दान दिले आणि स्वतःचा उल्लेख महाराजाची माता व महाराजाची पितामही असा केला. दिवंगत पुत्राचे पराक्रम तिनेच कोरविले. त्या स्तुतीत चातुर्वर्ण्याचा संकर थांबविल्याचा गौरव आहे आणि दान मात्र बौद्ध भिक्षूंना आहे. आजच्या कप्प्यांत त्या काळाला बसवू गेल्यास तो बसत नाही.

राजांची आणखी एक गोष्ट भाषेच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी. उत्तरकालीन सातवाहनांच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस प्राकृत आणि दुसऱ्या बाजूस द्राविडी वळणाची भाषा आढळते. प्रजा एकभाषी नव्हती, हे राज्यकर्त्यांना ठाऊक होते.

४.३ दानलेखांतील व्यवहार

आता घटकाच्या गाभ्याकडे येऊ. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा, ४२ हे वर्ष नोंदवणारा लेख आहे. हा शक कुळातील, म्हणजे सातवाहनांच्या शत्रुपक्षाचा. परंतु प्रदेश, कारागीर आणि हिशेब तेच. त्याने ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. एका श्रेणीकडे २००० होते, महिना शेकडा एक या दराने. दुसरीकडे १००० होते, शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज मात्र वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, मिळावयाचे होते.

हा हिशेब स्वतः करून पाहा. दोन हजारांवर महिना शेकडा एक म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४०. वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजेही २४०. एकही कार्षापण उरत नाही, कमीही पडत नाही. तुमच्यापैकी ज्यांनी बचत गटाची वही सांभाळली आहे, त्यांना यातील शिस्त लगेच ओळखू येईल. श्रेणी म्हणजे कारागिरांची संघटना. ती माल विणत होती आणि पेढीचेही काम करीत होती. जुन्नरच्या लेण्यांत धान्याचे व्यापारी, कासार आणि बांबूकाम करणारे यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचे लेख आहेत. राजा बदलला तरी श्रेणी राहील, असा विश्वास ठेवीदारांना होता.

या लेखातील शब्द पाहा. दोनसाठी तेथे 'बे' आहे, जो आपण 'बे एके बे' म्हणताना उच्चारतो. पाऊणसाठी 'पायून' आहे. वीस आणि बारा यांची रूपेही आपल्या ओळखीची आहेत: 'वीसाय', 'बारसक'. याच लेखात दान दिलेल्या आठ हजार नारळींच्या गावाचे नाव चिखलपद्र असे आहे. त्यातील 'चिखल' सांगावयास नको. उषवदाताच्या लेखांत संस्कृत वळणाची रूपे पुष्कळ मिसळलेली आहेत. आकड्यांपाशी आल्यावर मात्र लेखाची भाषा बाजाराच्या जवळ जाते. ठेव ज्यांच्याकडे ठेवायची, त्यांना तो हिशेब समजणे आवश्यक होते, हे त्याचे एक संभाव्य कारण. उषवदाताची पत्नी, म्हणजे नहपानाची कन्या दक्षमित्रा, हिने दान दिलेल्या खोलीला लेखात 'ओवरक' म्हटले आहे. देवळाच्या आवारातील ओवरी ती हीच. स्वतः 'लेणे' हा शब्दही या लेखांत 'लेण' या रूपाने येतो.

दुसरे उदाहरण गौतमीपुत्राच्या २४ व्या वर्षाच्या आज्ञापत्राचे. राजा आणि राजमाता यांच्या वतीने ते गोवर्धनच्या अमात्याला धाडलेले आहे. पूर्वी भिक्षूंना काखडी गावात शेत दिले होते. परंतु ते शेत कसले जात नाही आणि गाव वसत नाही, म्हणून नगराच्या सीमेवरचे राजाचे शंभर निवर्तने शेत त्याऐवजी द्यावे, अशी ही आज्ञा आहे. 'खेत', 'कसते', 'गाम', 'वसति' हे मूळ शब्द वाचताना शब्दकोश उघडावा लागत नाही. गाव का उठले, ते लेख सांगत नाही. नुकत्याच सरलेल्या युद्धाकडे मन जाते, एवढेच. या शेताला काही सवलती आहेत. राजपुरुषांनी त्यात शिरू नये, त्याला हात लावू नये, मिठासाठी ते खणू नये. अशी मनाई लिहून द्यावी लागली, यावरून इतर शेतांवर काय होत असावे, हे उघड आहे. मला स्वतःला विजयस्तुतीपेक्षा या चार ओळी अधिक बोलक्या वाटतात.

४.४ उत्खनन आणि गाथा

सावेडीच्या अभ्यासकेंद्रावर येणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना नेवासे परिचयाचे असेल. येथून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने ते सुमारे साठ किलोमीटर आहे. ज्ञानेश्वरीमुळे आपण ते जाणतो. त्याच प्रवरेच्या काठी १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया यांनी उत्खनन केले. तेथील सातवाहनकालीन थरात नाणी, मणी आणि बांगड्यांबरोबर भूमध्य समुद्राकडून आलेल्या रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली. प्रवरेकाठच्या वस्तीत दूरदेशीचा कुंभ कसा पोहोचला, याचे उत्तर 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात आहे. पैठण आणि तगर (आजचे तेर) येथील माल गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोचला जात असे, असे त्यात नोंदले आहे. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तगरहून कापड जात असे. परतीच्या वाटेने असे कुंभ येत असावेत.

हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त या मुलखाचे ग्रामीण जग आहे: नांगरणारा हालिक, गावचा मुखिया, कापसाचे शेत, वाटसरू, सासू, दीर, गोदेचा काठ. स. आ. जोगळेकर यांची १९५६ मधील मराठी आवृत्ती ग्रंथालयात मिळाल्यास अवश्य चाळावी. पोट, तूप, चिखल, कोल्हा या शब्दांचे प्राकृत पूर्वज 'पोट्ट', 'तुप्प', 'चिक्खल्ल', 'कोल्हुअ' असे आहेत. एक सावधगिरी मात्र बाळगा. ही नांगऱ्याने रचलेली कविता नाही. नांगऱ्याकडे कौतुकाने पाहणाऱ्या नागर रसिकांची ती आहे, आणि तिच्यात नंतरच्या गाथाही मिसळल्या आहेत. गाथेतील शेतकरी प्रेमात पडतो, नाशिकच्या लेखातला शेत सोडून जातो. दोघांनाही शेजारी ठेवल्याखेरीज त्या काळाचे दैनंदिन जीवन समजणार नाही.

४.५ 'मराठी दोन हजार वर्षांची' : काय म्हणावे, काय म्हणू नये

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. तेव्हापासून नाणेघाटाचा लेख 'मराठीचा पहिला शिलालेख' म्हणून भाषणांत सांगितला जातो. दर्जाचा आनंद मलाही आहे. पण परीक्षेत आणि सभेत आपण वेगवेगळे बोलू नये. नाणेघाटाची भाषा प्राकृत आहे. 'महारठि' हे तेथे पदवीवाचक नाम आहे, भाषेचे नाव नव्हे. कोरीव लेखांची प्राकृतही साहित्यिक महाराष्ट्रीशी पूर्णतः एकरूप नाही. लेखांत 'गहपति' आहे, तर गाथांत स्वरांमधले व्यंजन झिजून 'गहवइ' झाले आहे. मराठी म्हणून ओळखू येणाऱ्या आरंभीच्या लेखांपैकी रायगड जिल्ह्यातील अक्षीचा लेख इ.स. १०१२ चा मानला जातो. दोहोंमध्ये सुमारे हजार वर्षे आणि अपभ्रंशाची अवस्था आहे.

म्हणून नेमके विधान असे करावे : सातवाहनकालीन प्राकृत ही मराठी नव्हे, ती मराठीच्या पूर्वजांपैकी आहे, आणि शेती, मोजणी व घर यांच्या शब्दांत हे नाते स्पष्ट दिसते. आजीचे वय सांगताना ते नातीचे म्हणून सांगितल्यास दोघींचाही परिचय चुकतो.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी

१. उषवदाताच्या दुसऱ्या ठेवीचे (१००० कार्षापण, महिना शेकडा पाऊण) वर्षाचे व्याज काढा. दोन श्रेणींचे दर वेगळे का असावेत, याविषयी तुमचा तर्क दहा ओळींत लिहा.

२. 'कुटुंबी' या जुन्या शब्दापासून 'कुणबी' हा शब्द आला, असे मानले जाते. ध्वनिबदलाचे टप्पे मागील घटकाच्या आधारे दाखवा.

३. तुमच्या गावातील वयोवृद्ध शेतकऱ्यांकडून जमीन, मोजमाप आणि उसनवारी यांचे वीस शब्द गोळा करा. शब्द सांगणाऱ्याने तो कोणत्या वाक्यात वापरला, ते जसेच्या तसे टिपून ठेवा. शुद्धलेखन सुधारू नका.